ट्रेडच्या भांडणानंतरचे सहा आठवडे

पहिला मेसेज आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी एका बंगल्याच्या जिन्याचा नकाशा काढत होते. अनोळखी नंबर होता. दोनच वाक्यं होती. "नियम तुले चांगले समजते. तुही गाडी कुठं उभी राहते ते मले समजते."

मी ते दोनदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला. समोरच्या टेबलावरची माझी सहकारी डबा उघडून चिवडा खात होती. तिने मला विचारलं, खातेस का. मी नाही म्हटलं. त्यानंतर जिन्याच्या पायऱ्या मी तीनदा चुकीच्या काढल्या.

मेसेज कशाबद्दल आहे हे मला लगेच कळलं होतं. दोन दिवसांपूर्वी आमच्या ग्रुपात भांडण झालं होतं, आणि ते मी जिंकलं होतं.

हा ग्रुप नागपुरातल्या बास्केटबॉलवेड्या लोकांचा. साठेक माणसं. अमेरिकेतल्या लीगचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात, त्यामुळे ग्रुपात सगळी धामधूम सकाळी सहापासून ऑफिसं उघडेपर्यंत. सामन्यांपेक्षाही आमचं खरं वेड होतं ट्रेडचं, म्हणजे कोणत्या संघाने कोणता खेळाडू देऊन कोणता घ्यावा याचं. तिकडे हे मनात आलं आणि केलं असं नसतं. प्रत्येक संघाने सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून किती खर्च करायचा याला मर्यादा असते. तिच्या वर आणखी दोन रेषा असतात. आम्ही त्यांना पहिली लाइन आणि दुसरी लाइन म्हणायचो. जितका संघ वर जाईल तितके त्याचे हात बांधले जातात. जानेवारी लागला की ट्रेडची शेवटची तारीख जवळ येते, आणि मग ग्रुपातला प्रत्येक माणूस एकेका संघाचा मालक होतो.

मी कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळले. गुडघा गेला, खेळ सुटला, नियमांचं वेड राहिलं. पण ग्रुपात मी बाई आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. आधीच्या एका ग्रुपात मी माझ्या नावाने होते. तिथे मी काहीही बोलले की आधी विचारायचे, तुला हे कोणी शिकवलं. आणि मग रोज दोन-तीन जणांचे खाजगी मेसेज, जेवलीस का, लग्न झालं का. इथे मी एक टोपणनाव घेतलं, पुढे माझ्या जुन्या जर्सीचा नंबर लावला. लिहिताना मी 'गेलो' किंवा 'गेले' असं क्रियापद येणारच नाही अशी वाक्यं करायची. ते कठीण असतं, पण सवय होते.

ग्रुपात एक मोठा माणूस होता. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. कधीकाळी तो जिल्ह्याकडून खेळला होता, पोरांना शिकवत असे, आणि ट्रेडच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्या दिवशी त्याने एक ट्रेड मांडला. त्याच्या आवडत्या संघाने मध्यम पगाराचे दोन खेळाडू द्यायचे आणि त्या बदल्यात एक मोठा स्टार घ्यायचा. दोघांच्या पगाराची बेरीज स्टारच्या पगाराइतकी होते, म्हणजे बसलं गणित. सगळे वाहवा करत होते.

मी लिहिलं, हे होणार नाही. तो संघ दुसऱ्या लाइनच्या वर आहे. त्या लाइनच्या वर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडून एक मोठा पगार घेता येत नाही.

मास्तर म्हणाला, असा नियम असता तर मला माहीत नसता का. मी नियमाचा तो परिच्छेद शोधून टाकला. मग जे व्हायचं तेच झालं. लोकांनी मास्तरची उडवली. एकाने पहिलीच्या अंकलिपीचा फोटो टाकला. एकाने विचारलं, मास्तर, फी परत देता का. मास्तरने फक्त एक शब्द लिहिला. "पाहतो." आणि दोन दिवस तो ग्रुपात दिसलाच नाही.

मेसेज आल्यावर तो एक शब्द माझ्या डोक्यात फिरत राहिला. पाहतो म्हणजे काय पाहतो?

तीन दिवसांनी फोटो आला. माझी स्कूटी. व्हरायटी चौकामागच्या गल्लीत, मी रोज लावते त्याच भिंतीशी. समोरच्या बाजूला मी लावलेलं केशरी चेंडूचं स्टिकर फोटोच्या मधोमध होतं. खाली काहीच लिहिलं नव्हतं. मी खिडकीतून खाली पाहिलं. गल्लीत नेहमीची माणसं होती. मोबाइलचे कव्हर विकणारा, उसाचा रस काढणारा, कुरिअरवाले दोघं. भर दुपार, लख्ख ऊन. इतक्या उजेडात, इतक्या लोकांत मला कोणी दिसत नव्हतं आणि मी मात्र कोणाला तरी दिसत होते.

त्या दिवशी मी गाडी तिथेच ठेवून रिक्षाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं की बॅटरी बसली, आणि त्यांनी जाऊन ती आणली. आल्यावर म्हणाले, लगेच सुरू झाली. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हे सगळं मी एकाच माणसाला सांगितलं. तो ग्रुपातलाच होता. त्याच्या नावाजागी दोन अक्षरं होती आणि फोटोत जाळी तुटलेली एक रिंग. मी त्याला मनात रिंगवाला म्हणायची. ग्रुपात तो क्वचित बोलायचा, पण बोलला की मुद्द्याचं. डिसेंबरात आमची खाजगी बोलणी सुरू झाली होती. एकदा त्याने विचारलं, शेवटचा शॉट पाहिला का. मी घाईत लिहून गेले, "ऑफिसच्या गल्लीत गाडीवर बसून पाहून राहिली होती." पाठवल्यावर कळलं. मी ते खोडलं, पण त्याने वाचलं होतं. तो म्हणाला, मला आधीच वाटलं होतं, काळजी करू नको, कोणालाही सांगणार नाही. आणि खरंच त्याने कोणाला सांगितलं नाही. मला किती हलकं वाटलं होतं तेव्हा. कोणीतरी एक जण होता ज्याच्याशी 'गेले, आले' असं नीट लिहिता येत होतं. मग मी सांगत गेले. ऑफिस दहाला उघडतं, तोवर गल्लीत मी सामन्याचं शेवटचं क्वार्टर पाहते. गाडीला चेंडूचं स्टिकर आहे. बाबा पोस्टातून निवृत्त झालेत. वर्ध्याला मावशी आहे.

त्याने दोन्ही मेसेज पाहून लगेच सांगितलं, हे मास्तरचं काम आहे. मास्तरचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे, मोठा माणूस आहे, हाताखाली माणसं आहेत, अपमान त्याला सहन होत नाही. तो म्हणाला, पोलिसांत जाऊ नको, त्याच्या ओळखी फार आहेत, उलट तुझंच नाव सगळीकडे होईल. मी आहे ना, मला सांगत जा. कुठे जाणार, कशी जाणार, मला कळवत जा म्हणजे मला काळजी राहणार नाही.

मी कळवत गेले.

गाडी सोडून मी घराजवळच्या इंदोरा स्टेशनवरून मेट्रोने जायला लागले. मेट्रोत सगळेच खाली मान घालून फोन पाहत असतात. त्यातला प्रत्येक जण मला माझाच फोटो पाहतोय असं वाटायचं. एकदा सीताबर्डीला उतरल्यावर एक माणूस माझ्या मागेच होता. मी जिन्याकडे वळले, तो वळला. मी थांबले, तो थांबला. मी जाऊन सुरक्षारक्षकाशेजारी उभी राहिले. तो माणूस जवळ आला आणि म्हणाला, "ताई, हिंगण्याकडची मेट्रो कोणत्या फलाटावरून?" मी रक्षकाकडे पाहिलं. त्यानेच उत्तर दिलं. ऑफिसात पोचल्यावर मला स्वतःचाच राग आला.

मेसेज येत राहिले. कधी दोन दिवसांनी, कधी आठ. नेहमी दिवसाच. "ऑफिस दुसऱ्या माळ्यावर ना?" मग, "पोलिसात जाशीन त तुह्या बापाले समजन, तू पोरायच्या ग्रुपात काय करून राहिली." मी तो नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून यायचे. मी ग्रुपात लिहिणं सोडलं. ट्रेडची शेवटची तारीख आली. वर्षभर आम्ही ज्या सकाळची वाट पाहायचो, त्या सकाळी मी फोन कपाटात ठेवला आणि आईबरोबर मेथी निवडत बसले. दुपारी फोन पाहिला तर ग्रुपात साडेचारशे मेसेज होते, आणि त्यातला एकही वाचायची मला हिंमत झाली नाही. न जाणो, त्यात माझ्यासाठी काही असलं तर.

सर्वांत जास्त भीती मला नेमक्या कशाची वाटत होती, हे आज विचार केला तर सांगता येतं. कोणी मारेल, पकडेल याची होतीच. पण त्याहून जास्त होती ती ही, की घरी कळेल आणि आई एवढंच म्हणेल, मग काहून गेलीस त्या ग्रुपात. आणि मला उत्तर देता येणार नाही. पगाराच्या मर्यादा आणि ट्रेडचे नियम मला का आवडतात, हे मी आईला कसं सांगणार होते?

पाचव्या आठवड्यात मी ठरवलं की आठ दिवस वर्ध्याला मावशीकडे जायचं. रिंगवाल्याला कळवलं. तो म्हणाला, चांगलं आहे, जा, पण आल्यावर आपण एकदा भेटू, हे असं फोनवर किती दिवस. पण निघायच्या सकाळी आईला ताप चढला आणि माझं जाणं राहिलं. मी ते त्याला सांगायचं विसरले. आईचं औषध, स्वयंपाक, ऑफिस, यात आठवडा गेला. त्याच आठवड्यात अनोळखी नंबरावरून मेसेज आला. "मावशीकडं जाऊन काय होते. परत त येशीनच." मी घरच्या ओट्यापाशी कणीक मळत होते. मी कणकेच्या हातांनीच तो पुन्हा वाचला. याला मावशीपर्यंतचं कळलं, आता माझं काहीच याच्यापासून लपलेलं नाही, एवढाच विचार मी करू शकले. भीतीने माणूस मूर्ख होतो. मला त्यात जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही.

त्यानंतर रिंगवाल्याने शनिवार ठरवला. दुपारी चार वाजता फुटाळा तलावावर. तो म्हणाला, भेटून आपण शांतपणे ठरवू, मास्तरला कसं गप्प करायचं ते. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं होतं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या शेजारी उभं राहणार होतं.

शनिवारी सकाळी आई बरी होऊन विहारात गेली होती. मी पोहे केले होते आणि समोर घेऊन बसले होते. बाबा आले, समोर बसले आणि त्यांनी माझी ताटली स्वतःकडे ओढली.

"गाडी काहून नाही नेऊन राहिली बेटा?" ते म्हणाले. "बॅटरी त चांगली आहे."

मी रडले नाही. मी फोन उघडून त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी चष्मा लावला आणि सगळे मेसेज एकेक करून वाचले. चौतीस वर्षं त्यांनी लोकांची पत्रं घरोघर पोचवली, कधी कोणाचं वाचलं नाही. माझे मेसेज वाचताना त्यांचं तोंड हळूहळू राखेसारखं झालं. मी घाईघाईने ग्रुप, ट्रेड, मास्तर, दुसरी लाइन असं सगळं सांगत सुटले. त्यातलं त्यांना किती कळलं मला माहीत नाही. आईसारखा प्रश्न ते विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी विचारला नाही.

ते म्हणाले, "दुकान कोणत्या गल्लीत आहे?"

मी म्हटलं, बाबा, नको, तो मोठा माणूस आहे. ते उठून शर्ट घालायला गेले होते. इतवारीत त्यांनी अकरा वर्षं टपाल वाटलं होतं, तिथली कोणतीही गल्ली त्यांना अनोळखी नव्हती. पण हेल्मेटचा पट्टा लावताना त्यांचे हात नीट चालत नव्हते. दोनदा पट्टा सुटला. तेव्हा मला कळलं की तेही घाबरले आहेत, आणि तरी येतायत.

दुकान अरुंद होतं. छतापासून स्टीलचे डबे टांगलेले, दारात पितळी घागरींची उतरंड, आत कोणीतरी कढया एकात एक बसवत होतं आणि कानठळ्या बसत होत्या. मास्तर गल्ल्याशेजारी एका उंच स्टुलावर बसला होता. पन्नाशी उलटलेला, सहा फुटांहून उंच, एक पाय सरळ पुढे ठेवलेला, त्याच्याजवळ काठी. बाबांनी त्याला नमस्कार केला आणि म्हणाले, ही माझी मुलगी, तुमच्या बास्केटबॉलच्या ग्रुपात आहे. मी माझं टोपणनाव सांगितलं.

मास्तर माझ्याकडे पाहत राहिला. "दुसऱ्या लाइनवाला?" त्याने विचारलं. "तो तू आहेस?"

मी मान हलवली. तो हसला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उघडल्यासारखं झालं. मग बाबांनी फोन पुढे केला आणि तो चेहरा पुन्हा मिटला. त्याने कढयावाल्याला थांबायला सांगितलं. दुकान एकदम शांत झालं. त्याने मेसेज वाचायला सुरुवात केली, आणि मी त्याच्या हातांकडे पाहत उभी राहिले. मोठे हात होते. मी मनात दारापर्यंतचं अंतर मोजत होते.

पहिला मेसेज वाचून तो म्हणाला, "बेटा, त्या दिवशी मी चुकलो होतो. दोन दिवस तेच नियम वाचून राहिलो होतो. लाज वाटली म्हणून ग्रुपात आलो नाही." मग बाबांकडे पाहून म्हणाला, "मले तीन मुली आहेत साहेब."

मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. विश्वास बसला असं नाही. सहा आठवडे मी या माणसाचा चेहरा मनात रंगवला होता, तो आणि हा जुळत नव्हते, एवढंच. आणि हा नाही तर कोण, हा प्रश्न त्याहून भयंकर होता. एका माणसाला भिऊन राहणं मला जमत आलं होतं. आता पुन्हा साठच्या साठ माणसं माझ्यासमोर उभी राहिली.

मास्तर पुढे वाचत होता. मावशीच्या मेसेजवर तो थांबला.

"तू गेली होती का मावशीकडं?"

"नाही. आई आजारी पडली."

"मंग ह्याले काहून वाटलं तू गेली म्हणून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण मी जाणार होते हे घरातले तिघं आणि मावशी सोडून एकाच माणसाला माहीत होतं. आणि मी गेले नाही, हे त्याच एका माणसाला सांगायचं राहिलं होतं. मग बाकीचं सगळं आपोआप मागे मागे जात उलगडलं. गल्ली. स्टिकर. दुसरा माळा. मी बाई असणं. बाप. प्रत्येक गोष्ट मीच लिहिली होती, त्याच्याच चॅटमध्ये.

मी दोघांना सांगितलं, ग्रुपातल्याच एकाला मी हे सगळं लिहीत होते. बाबांनी मला पाणी दिलं. आणि तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज आला. फोन मास्तरच्या हातात होता. त्याने वाचला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. रिंगवाला होता. "निघालीस का? मी आलोच आहे. एकटीच ये." चार वाजायला अजून तीन तास होते.

पोलीस ठाण्यात आम्ही तिघं गेलो. मास्तर काठी टेकत पायऱ्या चढला, त्याला ते अवघड जात होतं, पण तो बाहेर थांबला नाही. तिथल्या महिला अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं. माझ्याच वयाची असावी. तिने ट्रेड म्हणजे काय तेही विचारलं आणि मास्तर तिला समजावून सांगू लागला, तेव्हा बाबा म्हणाले, ते नंतर. तिने मला फक्त एक शब्द लिहायला सांगितला. "येते." तो शब्द लिहायला मला बराच वेळ लागला. साध्या कपड्यांतले दोन पोलीस फुटाळ्याकडे गेले आणि आम्ही बाकावर बसून राहिलो. तो दीड तास त्या सहा आठवड्यांपेक्षा मोठा होता. तो सापडला नाही तर काय, हा विचार डोक्यातून जात नव्हता. बाबांनी माझा हात धरून ठेवला होता. 

तो सापडला. भुट्ट्याच्या ठेल्यापाशी उभा होता म्हणे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, तिशीच्या आतला. हातात कागदी पिशवी होती. तिच्यात माझ्या जुन्या नंबराची जर्सी होती, नवीन, घडी केलेली. मला वाटलं होतं मी त्याला ओळखेन. चौकातला, मेट्रोतला, ऑफिसखालचा कोणीतरी निघेल. पण मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. तो माझ्या गल्लीत चार वेळा येऊन गेला होता, एकदा तर रस पीत माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता, हे त्यानेच सांगितलं. मी त्याला पाहिलं नव्हतं.

महिला अधिकाऱ्याने त्याला विचारलं, ती तर तुझ्याशी चांगलं बोलत होती, मग हे कशासाठी.

तो खाली पाहत म्हणाला, "ते भांडण जिंकल्यावर सगळे तिच्याशी बोलून राहिले होते. मंग तिनं मले मेसेज करणं कमी केलं. घाबरली की ती मलेच सांगे."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. मला वाटलं होतं मला राग येईल. राग नंतर आला, बऱ्याच दिवसांनी. त्या वेळी मला फक्त थंडी वाजत होती, कारण तो खरं बोलत होता. मी घाबरले की त्यालाच सांगत होते. हे त्याने नीट पारखलं होतं.

तक्रार नोंदली गेली. त्याचे दोन्ही फोन जमा झाले. दुसऱ्या फोनमध्ये माझ्या बोलण्याचे तीन महिन्यांचे स्क्रीनशॉट होते, तारखांसह ठेवलेले. त्याच्या आईवडिलांनी येऊन बाबांची माफी मागितली, प्रकरण मिटवा म्हणाले. बाबा म्हणाले, ते माझ्या हातात नाही, तिच्या हातात आहे. मी मिटवलं नाही. प्रकरण चालू आहे, तारखा पडतात, मी जाते. त्या दिवशी घरी गेल्यावर आईला सांगावं लागलं. तिने तो प्रश्न विचारलाच, काहून गेलीस त्या ग्रुपात. मी म्हटलं, मला आवडतं म्हणून. ती म्हणाली, मग त्याने जायला पाहिजे होतं ग्रुपातून, तू काहून जाते. मला ते अजिबात अपेक्षित नव्हतं.

मास्तरने ग्रुपात काय झालं ते सांगितलं नाही. फक्त एवढं लिहिलं, की त्या दिवशीच्या ट्रेडमध्ये मी चुकलो होतो आणि समोरचा बरोबर होता. महिन्याभराने त्याने मला विचारून रविवारची सकाळची बैठक सुरू केली, जुन्या मैदानाच्या पायऱ्यांवर. मी बाबांना घेऊन जाते. बाबा आता विचारतात, हा संघ पहिल्या लाइनच्या वर आहे की दुसऱ्या. त्यांना अजून फरक नीट कळत नाही, पण विचारतात. मास्तर आणि मी अजूनही भांडतो. तो पुन्हा एकदा चुकला आहे, एकदा मी.

लोक विचारतात, आता भीती गेली ना? मी हो म्हणते, कारण लोकांना ते ऐकायचं असतं. गाडी मी परत नेते. गल्ली बदलली. स्टिकर काढलं नाही, पण ते खरवडायला दोनदा बसले होते.

गेल्या रविवारी बैठकीला एक नवीन माणूस आला. तरुण, शांत. मी एका ट्रेडबद्दल बोलत होते, संघाला तो का करता येणार नाही ते सांगत होते, आणि सगळे माझ्याशी वाद घालत होते. तो एकटाच म्हणाला, ताई बरोबर बोलून राहिल्या. किती साधं वाक्य. कुणालाही बरं वाटावं असं. मला मात्र रिंगवाला आठवला. मी बोलणं तिथेच थांबवलं आणि त्याला सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही कोण, कुठे काम करता, तुम्हाला इथे कोणी बोलावलं. तो गोंधळला. त्याने उत्तरं दिली, तो मास्तरच्या दुकानाशेजारच्या सोनाराचा भाचा होता, त्यात काही वावगं नव्हतं. पण त्याचा चेहरा पडला आणि थोड्या वेळाने तो उठून गेला.

मास्तरने चर्चा पुन्हा ट्रेडवर नेली.  परत येताना गाडीवर मागे बसलेले बाबा एवढंच म्हणाले, की पोरगा चांगला होता. मी म्हटलं, असेल. मला वाईट वाटलं, आजही वाटतं आहे. पण तो पुढच्या रविवारी पुन्हा आला, तर मी त्याला तेच प्रश्न पुन्हा विचारीन, हेही मला माहीत आहे.